उत्तर कोणी दिले?

संगणक कक्षातली काही यंत्रे सुरू होतात आणि काही काळ्या पडद्यावर अडून राहतात. कधी सगळी सुरू होतात, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी पहिला संशय यंत्रावर जातो. यंत्र जुने झाले, केबल गेली, सर्व्हर डाउन आहे, असे निदान झटपट होते आणि उपायही ठरलेलेच असतात : बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर फॉरमॅट मारा. थिन क्लायंट पद्धतीच्या कक्षात हे निदान वारंवार चुकते. तिथे बऱ्याचदा एकही वस्तू बिघडलेली नसते. यंत्राने नेटवर्कवर एक प्रश्न विचारलेला असतो आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नसते, किंवा दोघांनी दोन उत्तरे दिलेली असतात, किंवा एकासाठी बरोबर असलेले उत्तर दुसऱ्याच्याच हाती पडलेले असते. त्यामुळे अशा कक्षात दुरुस्तीची सुरुवात ‘काय बिघडले?’ या प्रश्नाने न करता ‘उत्तर कोणी दिले आणि काय दिले?’ या प्रश्नाने करायला हवी. तसे केले तर वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि चांगली यंत्रे भंगारात जात नाहीत.

थिन क्लायंट म्हणजे स्वतःजवळ फारसे काही न ठेवणारे यंत्र. त्यात हार्ड डिस्क नसते, किंवा असली तरी वापरात नसते. चालू होताच ते आपली कार्यप्रणाली नेटवर्कवरून सर्व्हरकडून मागवते. लिनक्सच्या जगात यासाठी एलटीएसपी, म्हणजे लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, हा प्रकल्प प्रसिद्ध आहे. अमेरिकेत जिम मॅक्विलन यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो उभा केला. पुढे नॉर्वेच्या स्कूललिनक्समधून आणि एज्युबंटूमधून तो शाळाशाळांत पोहोचला, आणि २०१९ मध्ये ग्रीसमधील शाळांसाठी काम करणाऱ्या अल्किस जॉर्जोपुलोस यांच्या पुढाकाराने तो मुळापासून नव्याने लिहिला गेला. एक चांगला सर्व्हर आणि पंचवीस-तीस जुनी यंत्रे एवढ्यावर अख्खा कक्ष चालतो, हे त्याचे बळ. त्याचे परावलंबनही तिथेच आहे. घरातला संगणक नेटवर्कशिवाय निदान सुरू तरी होतो. थिन क्लायंटला मात्र आपले नाव, आपला पत्ता, सर्व्हर कुठे आहे, कोणती फाइल मागायची, यातले काहीही आधी ठाऊक नसते. सगळे विचारूनच कळते. पत्त्यासंबंधीची उत्तरे डीएचसीपी देते, नावासंबंधीची डीएनएस. आज घरोघरच्या वायफाय राउटरमध्ये असलेल्या डीएचसीपीचा पूर्वज म्हणजे १९८५ सालची बूटपी ही पद्धत. बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ती मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर डिस्क नसलेलीच यंत्रे होती. म्हणजे थिन क्लायंट हा या व्यवस्थेचा मूळ ग्राहक आहे, आणि तिच्यातली लहानशी गफलतही सर्वांत आधी तोच दाखवतो.

हा संवाद चालतो कसा, ते पाहू. यंत्राच्या नेटवर्क कार्डात पीएक्सई नावाची छोटी आज्ञावली असते. यंत्र चालू झाले की ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देते : ‘मला पत्ता देणारे कोणी आहे का?’ सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, यंत्र तो मागते आणि सर्व्हर शिक्कामोर्तब करतो. हे चार संदेश ६७ आणि ६८ या क्रमांकांच्या पोर्टवरून जातात. पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो. पत्त्याबरोबरच ‘बूटची फाइल अमुक सर्व्हरवर, अमुक नावाने आहे’ हेही यंत्राला कळते. मग टीएफटीपी या साध्या पद्धतीने ती फाइल ६९ क्रमांकाच्या पोर्टवरून मागवली जाते, मागोमाग कार्यप्रणालीचा गाभा येतो, मग सर्व्हरवरची मोठी प्रतिमा जोडली जाते आणि शेवटी लॉगिनचा पडदा दिसतो. पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि यंत्र कोणत्या पायरीवर थांबले हे ते स्वतःच सांगते. इंटेलच्या जुन्या बूट रॉमवर पीएक्सई-ई६१ दिसले तर केबल तपासायची. ई५१ म्हणजे पत्ता देणारे कोणीच भेटले नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव मिळाले नाही. ई३२ म्हणजे नाव मिळाले, पण फाइल देणारा दार उघडत नाही. नव्या यूईएफआय यंत्रांवर क्रमांक वेगळे असतात, पायऱ्या याच. काळ्या पडद्यावरची ही एक ओळ न वाचता बटण दाबून यंत्र बंद करणे म्हणजे रोग्याने लक्षण सांगायला तोंड उघडताच त्याला गप्प करणे आहे.

पहिला प्रकार उत्तरच न मिळण्याचा. इथे एकाच तपासणीने अर्धे काम होते. सर्व्हरवर टीसीपीडम्प हे साधन लावून ६७ आणि ६८ पोर्टवरची वर्दळ पाहायची आणि मग एक यंत्र चालू करायचे. यंत्राची हाक सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नाही, तर दोष वाटेत आहे : केबल, स्विच, किंवा नेटवर्कचे चुकीचे कप्पे. ही हाक राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. त्यामुळे सर्व्हर दुसऱ्या विभागात असेल तर ती पुढे पोहोचवणारा मध्यस्थ नेमावा लागतो. हाक पोहोचली आणि सर्व्हर गप्प राहिला, तर दोष सर्व्हरच्या मांडणीत आहे. कधी सेवा सुरूच नसते. कधी सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतात आणि सेवा नेमकी चुकीच्या कार्डावर कान देऊन बसलेली असते. कधी पत्तेच संपलेले असतात. हे शेवटचे कारण फसवे आहे, कारण तीस यंत्रांसाठी चाळीस पत्ते पुरतील असे कोणालाही वाटेल. पण बूट होताना पीएक्सई एक ओळख सांगते आणि कार्यप्रणाली सुरू झाल्यावर तेच यंत्र कधी दुसरी ओळख सांगते. मग एका यंत्राला दोन पत्ते जातात आणि शेवटच्या रांगेतली यंत्रे रिकाम्या हाताने परततात. सर्व्हरच्या नोंदीत तसे स्पष्ट लिहिलेले असते, ती नोंद उघडायचीच काय ती खोटी. याच प्रकारात स्विचचाही एक गुण मोडतो. काही स्विच एखादे पोर्ट जागे झाले की नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होत नाही ना हे तपासत सुमारे ३० सेकंद काहीच पुढे जाऊ देत नाहीत. तेवढ्यात घाईच्या बूट रॉमने प्रयत्न सोडून दिलेला असतो. अशा ठिकाणी यंत्र बदलून, केबल बदलून काहीही साधत नाही. टोकाच्या पोर्टना ही प्रतीक्षा माफ करणारी सेटिंग चालू केली की प्रश्न मिटतो.

दुसरा प्रकार दोन उत्तरांचा आहे आणि माणसाला सर्वांत जास्त दमवणारा हाच. कोणीतरी कक्षात मोबाइलसाठी वायफाय हवे म्हणून घरगुती राउटर आणतो आणि त्याच्या लॅन पोर्टमधून केबल स्विचला जोडतो. त्या राउटरमध्ये डीएचसीपी कारखान्यातूनच चालू असते. आता यंत्राची हाक दोघांना ऐकू जाते, दोघेही उत्तर देतात आणि यंत्र सहसा जे आधी पोहोचेल ते घेते. राउटरला बूटच्या फाइलचा पत्ता ठाऊक नसतो, त्यामुळे त्याचे उत्तर घेणारे यंत्र फाइलच्या नावापाशी अडते. शेजारचे यंत्र सर्व्हरचे उत्तर घेऊन व्यवस्थित चालू होते. दुपारी हेच उलटे होते. एकाच जमिनीचे उतारे दोन तलाठी आपापल्या दप्तरातून देऊ लागले तर गावात जो घोळ होईल तोच हा घोळ. प्रत्येक उतारा नियमाने काढलेला, प्रत्येकावर शिक्का, आणि तरीही व्यवहार अडलेला. म्हणूनच स्कूललिनक्सच्या, म्हणजे डेबियन एज्युच्या मांडणीत अधिकार आधीच वाटून दिलेला आहे. मुख्य सर्व्हरचा पत्ता १०.०.२.२ ठरलेला, पत्ते आणि नावे दोन्ही त्याच्याच हाती, आणि बाहेर जाणाऱ्या राउटरने डीएचसीपी चालवू नये अशी स्पष्ट सूचना. राउटरचे डीएचसीपी बंद करण्याची मुभा नसेल, तर एलटीएसपीमध्ये प्रॉक्सी डीएचसीपी ही दुसरी वाट आहे. तीत पत्ता राउटरच देतो, सर्व्हर फक्त बूटची माहिती पुरवतो. या दोहोंपैकी कोणतीही वाट चालते. निर्णय न घेणे तेवढे चालत नाही. उत्तर कोणाचे आले हे ओळखणेही सोपे आहे. डीएचसीपीच्या प्रत्येक उत्तरात देणाऱ्या सर्व्हरची ओळख नमूद असते. आपला सर्व्हर १९२.१६८.६७ ने सुरू होणारे पत्ते देत असेल आणि यंत्राला मिळालेला पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होताना दिसला, तर तो कुठून आला हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

तिसऱ्या प्रकारात उत्तर एकच येते, तेही खरे असते, फक्त ते दुसऱ्यासाठी असते. जुन्या बायॉस पद्धतीच्या यंत्रांना लागणारी बूट फाइल वेगळी आणि नव्या यूईएफआय यंत्रांची वेगळी. यंत्र आपला प्रकार हाकेतच सांगते, पण सर्व्हरच्या मांडणीत एकाच फाइलचे नाव लिहिले असेल तर कक्षात आलेली नवी यंत्रे अडतात आणि जुनी चालत राहतात. मग ‘नवी यंत्रेच खराब निघाली’ असा निष्कर्ष निघतो. डीएनएसमध्ये याच जातीचा एक सापळा आहे. उबंटूसारख्या प्रणालीवर नावे शोधण्याचे काम सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही सेवा करते आणि सर्व्हरच्या फाइलमध्ये डीएनएसचा पत्ता १२७.०.०.५३ असा दिसतो. १२७ ने सुरू होणाऱ्या पत्त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ असा असतो. सर्व्हरपुरते ते अगदी बरोबर आहे. पण कोणी तीच ओळ उचलून क्लायंटच्या मांडणीत लिहिली आणि क्लायंटवर ती सेवा चालू नसली, तर प्रत्येक यंत्र स्वतःलाच विचारत बसते. सर्व्हरवर सगळी संकेतस्थळे उघडतात, क्लायंटवर एकही नाही. त्याच सेवेने ५३ क्रमांकाचे पोर्ट आधीच अडवलेले असते, त्यामुळे डीएनएसमास्क हे लोकप्रिय साधन नावे सांगण्यासाठी सुरू करायला गेले की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी तक्रार करून थांबू शकते. सायमन केली यांचे हे साधन पत्ते, नावे आणि बूटच्या फाइली तिन्ही देऊ शकते. पण एलटीएसपीच्या नेहमीच्या मांडणीत त्याचे नावे सांगण्याचे काम बंद ठेवलेले असते. ते चालू आहे असे गृहीत धरून जो पुढे जातो, तो नसलेल्या उत्तराची वाट पाहत राहतो.

डीएनएसची तपासणी करताना वाटेचा दोष आणि नावाच्या उत्तराचा दोष हा भेद मनाशी पक्का ठेवावा लागतो. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही व्यवस्था मांडली ती नावांची एकच मोठी यादी सांभाळणे अशक्य होत चालले म्हणून. तेव्हापासून नावांचा अधिकार जगभर वाटला गेला आणि प्रत्येक प्रश्न योग्य अधिकाऱ्यापर्यंत नेणे हेच तिचे काम झाले. म्हणून तपासताना आधी अंकी पत्ता पिंग करून पाहायचा. अंक पोहोचतात आणि नाव पोहोचत नाही, तर वाट मोकळी आहे आणि दोष नावाच्या उत्तरात आहे. मग डिग या आज्ञेने एकेका डीएनएस सर्व्हरला नाव घेऊन विचारायचे. ‘असे नाव नाही’ हे उत्तर, ‘शोधले पण मला मिळवता आले नाही’ हे उत्तर, आणि नुसती शांतता, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात नाव किंवा विचारलेला सर्व्हर चुकला आहे, दुसऱ्यात त्या सर्व्हरची पुढची साखळी तुटली आहे, तिसऱ्यात पत्ता चुकला आहे किंवा फायरवॉल आड आली आहे. ‘नेट चालत नाही’ या एका वाक्यात हे तिन्ही दोष एकत्र कोंबले जातात, म्हणून उपाय सापडत नाही. शांततेचा आणखी एक परिणाम वेगळ्याच वेषात येतो. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत एक प्रश्न ५ सेकंद वाट पाहतो आणि दोनदा विचारला जातो. लॉगिनच्या वेळी सर्व्हर आलेल्या पत्त्याचे नाव उलट शोधू लागला आणि उत्तर देणारे कोणी नसले, तर पासवर्ड दिल्यावर यंत्र बराच वेळ गोठल्यासारखे दिसते. लोक रॅम वाढवण्याचा विचार करतात. ओपनएसएसएचने २०१५ पासून हा उलट शोध मूळ मांडणीत बंद केला, पण जुन्या सर्व्हरवर आणि इतर सेवांत तो अजून भेटतो. ठरावीक सेकंदांनी येणारा प्रत्येक खोळंबा यंत्राच्या मंदपणाचा पुरावा नसतो. बऱ्याचदा तो न आलेल्या उत्तराचा पुरावा असतो.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढी भानगड हवी कशाला? प्रत्येक यंत्राला कायमचा पत्ता लिहून द्यावा आणि डीएनएस म्हणून ८.८.८.८ हा सार्वजनिक सर्व्हर टाकावा. साध्या संगणकांच्या छोट्या कार्यालयात हे चालूनही जाईल. थिन क्लायंटच्या बाबतीत पहिली अडचण ही की, पत्ता लिहायचा कुठे? बूट रॉमपाशी सहसा त्यासाठी जागा नसते, आणि कार्यप्रणाली तर अजून आलेलीच नसते. पत्ते ठरलेले हवे असतील तर ते सर्व्हरवरच, प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या क्रमांकासमोर लिहावेत. पत्ता कायम राहतो आणि अधिकारही एकाकडेच राहतो. बाहेरच्या सार्वजनिक डीएनएसला आपल्या कक्षातल्या सर्व्हरचे नाव माहीत असण्याचे कारण नाही, तेव्हा आतली नावे त्याला विचारली की ‘असे नाव नाही’ असेच तो सांगणार. मग लोक यादीत दोन्ही पत्ते टाकतात, एक आतला आणि एक बाहेरचा, आणि समजतात की एकाला ठाऊक नसेल तर दुसरा सांगेल. लिनक्समध्ये नेहमी तसे घडत नाही. दुसऱ्याला विचारले जाते ते पहिला गप्प राहिला किंवा त्याने अपयश सांगितले तर. ‘असे नाव नाही’ हे पूर्ण उत्तर मानले जाते आणि शोध तिथेच संपतो. त्यापेक्षा क्लायंटनी फक्त आतल्या सर्व्हरला विचारावे आणि बाहेरची नावे त्याने बाहेरून आणून द्यावीत, हीच मांडणी टिकते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बंद करून चालू केले की बहुधा काम होते, मुलांचा तास वाया जात नाही, मग हरकत काय? हरकत ही की, काम का झाले हे कळत नाही. दोन उत्तर देणारे असताना पुन्हा चालू केलेले यंत्र या खेपेला योग्य उत्तर घेते, एवढेच घडलेले असते. उद्या ते दुसऱ्याचे घेईल. शिवाय पडद्यावरचा संदेश पुसला जातो आणि तंत्रज्ञ येईपर्यंत पुरावाच उरत नाही. याची दुसरी बाजूही आहे. दुरुस्ती बरोबर केली तरी तिचा परिणाम कधी उशिरा दिसतो. चालू यंत्र आपल्या पत्त्याची मुदत साधारण निम्मी सरली की नूतनीकरण मागते. म्हणजे मुदत ८ तासांची असेल तर बदललेला डीएनएस पत्ता त्याला ४ तासांपर्यंत कळणार नाही. नावांची जुनी उत्तरेही काही काळ साठवलेली असतात. हे ठाऊक नसलेला माणूस बरोबर बदल केल्यावर ‘फरक पडला नाही’ म्हणून आणखी चार बदल करतो आणि एका दोषाचे पाच करून ठेवतो. तास वाचवायचा असेल तर यंत्र खुशाल पुन्हा चालू करावे, पण आधी पडद्याचा फोटो काढावा. आणि बदल एका वेळी एकच करावा.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. आता सगळे क्लाउडवर गेले, लॅपटॉप स्वस्त झाले, थिन क्लायंटचा अभ्यास कोणाच्या उपयोगाचा? पण क्लाउड म्हणजे पुन्हा दूरच्या सर्व्हरवर विसंबणेच आहे, आणि तिथेही हेच प्रश्न उभे राहतात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या कामातील एका चुकीने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले, आणि मग तिच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणाऱ्या वाटाही जगाच्या नकाशावरून मागे घेतल्या गेल्या. उत्तर देणारे जागेवर होते, त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नव्हते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउडमधील मोठा खोळंबा सुरू झाला तो एका महत्त्वाच्या सेवेची डीएनएस नोंद रिकामी झाल्याने. तीच नोंद लिहिणाऱ्या दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींवर कुरघोडी करून बसल्या होत्या. जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रणेत आणि तालुक्याच्या शाळेतल्या कक्षात दोष एकाच जातीचा निघतो : उत्तर देणाऱ्यापर्यंत पोहोचता न येणे, किंवा उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, हे पक्के नसणे. म्हणून थिन क्लायंटवर शिकलेले हे शहाणपण शिळे होत नाही.

आणि शेवटचा, सर्वांत न्याय्य आक्षेप : शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने हे सगळे का शिकावे? सर्व्हरची मांडणी त्याने करावी अशी अपेक्षा मुळीच नाही. ते तंत्रज्ञाचे काम आहे आणि त्याचा मोबदला तंत्रज्ञाला मिळायला हवा. पण तंत्रज्ञाच्या हाती पुरावा देणे कक्ष सांभाळणाऱ्यालाच शक्य असते, कारण दोष घडतो तेव्हा तोच तिथे असतो. त्यासाठी भिंतीवर एक कागद पुरेसा आहे. या कक्षात पत्ते कोणता सर्व्हर देतो, नावे कोणता सांगतो, त्या दोघांचे अंकी पत्ते काय, यंत्रांना मिळणारे पत्ते कुठून कुठपर्यंत, आणि परवानगीशिवाय कोणताही राउटर स्विचला जोडू नये. त्याखाली तारीखवार नोंद : कोणते यंत्र, पडद्यावर काय आले, कोणी काय बदलले. सर्व्हर बसवून देणाऱ्याकडून बिलाबरोबर हा कागद मागून घ्या. तो देता येत नसेल, तर काम पूर्ण झाले असे समजू नका.